मिश्रीचा शेवटचा तवा

व्यासपीठावरून मी काय काय बोलते ते तुम्ही ऐकलं असेल. नसेल ऐकलं तर आमची पत्रकं तरी दारात पडली असतील. पण एक गोष्ट मी कुठल्या पत्रकात घातली नाही, कुठल्या सभेत सांगितली नाही — आईच्या कानावरही घातली नाही. ती आज लिहिते. हात मागं यायच्या आत लिहिते.

आधी विजयाचं सांगते, कारण तो खरा आहे. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत आज एकही बाई मिश्री लावत नाही. एकही नाही! पूर्वीची सकाळ बघायला हवी होती. पायरीपायरीवर बाया, बोट तोंडात, गप्पा नाकातनं आणि पिचकारी गटारात. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि दिवसभर हिरड्यांना चोळायची. गरोदर बाईनंसुद्धा. का? तर म्हणे, "त्याबिगर पोट साफ व्हत न्हाय."

पोट साफ होईल कसं? घरातलं दूध तालमीत जाणाऱ्याला, ताजी भाकरी कामावर जाणाऱ्याला, आणि बाईनं उरलंसुरलं खायचं ते दुपार उलटल्यावर. तोवर भूक मारायला काय? मिश्री. ह्याला व्यसन म्हणायचं? बाईच्या पोटावर तिच्याच घरानं घातलेला दरोडा आहे हा — असं मी पत्रकात लिहिलं होतं, आणि त्यातला शब्दही आज मागे घेणार नाही.

म्हणून गल्लीनं दोन नेम केले. सकाळी उठून बाईनं गरम पाणी प्यायचं, आणि तव्यावरची पहिली भाकरी तिनं खायची; बाकीच्यांनी मग. दुसरा नेम — ह्या गल्लीत मिश्रीचा तवा चढणार नाही. चोरून लावता येते, पण चोरून भाजणार कशी? त्या धुरानं आजूबाजूची घरं शिंकतात.

बायांनी डब्या आणून चौकात ओतल्या. आणि आम्ही शहाण्यांनी त्या ढिगाची होळी केली! गल्ली खोकत, शिंकत पळाली. भाषणाला आणलेले डॉक्टर सगळ्यांत पुढं. शेजारची सुभद्राआक्का पदरानं डोळे पुसत ओरडली, "शालन, सोडायच्या आधी समद्या गल्लीला एकदम वढाय लावलीस की गं!"

हसलो. जिंकलो. आणि त्या ढिगात एक डबी नव्हती — माझी.

होय, माझी. शाळेत असताना दात दुखला म्हणून लावली, आणि मग ती सुटलीच नाही. प्रचार करून घरी आले की न्हाणीचं दार लावायचं आणि बोट तोंडात. वेलदोडा चघळत भाषणाला उभी राहायची. लाज वाटत नव्हती का? वाटत होती. लाजेनं कुणाची तलफ गेलीय?

पण मी लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. एवढंच असतं तर केव्हाच सांगून टाकलं असतं.

डबी संपली. डोकं धरलं. घरी भाजायची सोय नाही — मग गेले राबियाभाभीकडे. गल्लीच्या टोकाला तिचं घर. नवरा स्टो दुरुस्त करायचा. नेम व्हायच्या आधी अख्ख्या गल्लीची मिश्री तीच भाजून द्यायची. आणि चौकात डबी ओतणाऱ्यांत पहिली तीच होती. मी पदराखालनं तंबाखूची पुडी काढली, तशी ती माझ्याकडं बघतच राहिली.

"लोकास्नी भाषणं, आणि तुझंच डोकं धरतंय व्हय? आण हिकडं. ह्यो शेवटचा तवा हां, शालन. परत आलीस तर झाडूनं हाणीन."

पुडी देऊन मी घरी आले. दुपारी तवा चढला. दारं-खिडक्या तिनं लावून घेतल्या होत्या, पण तो वास दाराला ऐकतो थोडाच? पहिली शिंक आक्काच्या घरात, दुसरी पलीकडं — आणि मग सगळ्या बाया भाभीच्या दारात. मला बोलावणं आलं. पुढारी ना मी!

इथं थांबावंसं वाटतंय. थांबत नाही.

स्टोवर तवा. भाभी उभी, बोटं काळी. बाया गरजत होत्या, "शबूद दिलतास की गं!" भाभीनं माझ्याकडं बघितलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. तीन शब्दांचं. त्याऐवजी मी भाषण केलं. विश्वासघात, गल्लीची अब्रू, पोटातली लेकरं — सगळं पत्रक घडाघडा म्हटलं, तिच्या पोटुशी सुनेच्या देखत. आणि तो तवा तिच्याच हातानं गटारात रिकामा करायला लावला. बायांनी टाळ्या वाजवल्या.

भाभी एवढंच म्हणाली, "चुकलं माझं."

त्या ईदेला तिच्या घरचा शीरखुर्मा खायला गल्लीतली एकही बाई गेली नाही. मीही गेले नाही. उलट ती गोष्ट मी सभांतून फिरवली — पन्हाळ्याला, कबनूरच्या लूमवाल्यांच्या वस्तीत. 'आमच्याकडं एक बाई होती, शब्द देऊन चोरून भाजणारी...' बाया खदाखदा हसायच्या. नाव घेत नव्हते. गल्लीत नाव घ्यायची गरज होती?

माझीही सुटली. सुटेल नाहीतर काय — भाजून देणारं कुणी उरलंच नाही. तळमळले, चिडले, गरम पाणी प्याले, पहिली भाकरी खाल्ली आणि सुटले. सभेत मात्र निर्धाराच्या गप्पा.

आज भाभीची नात पायरीवर खेळते. मिश्रीचा तवा कसला, तिला ठाऊक नाही. गल्लीतल्या पोरीबाळींना शिंकायला आता फक्त मिरचीची फोडणी लागते! आम्ही जिंकलोय, आणि कबनूरही जिंकणार आहे.

हा मजकूर मी सायक्लोस्टाईल करायला देते आहे. उद्या सकाळी, बाया पहिली भाकरी खात असताना, आमच्या गल्लीच्या दारादारात तो पडेल; मग कबनूरला. सर्वांत आधी शब्द देणारी राबियाभाभी होती, आणि तिनं तो स्वतःसाठी कधीच मोडला नाही. मोडला मी.

तंबाखू माझी होती.