व्याह्यांसाठी मचाण

गेल्या सीझनमध्ये मी ज्या हरणाच्या मागे होतो, त्याची तब्येत उत्तम आहे.

मी साउथहॅम्प्टनमध्ये भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. (बायको म्हणते, पार्टीतसुद्धा.) पन्नाशीत मला शिकारीचं वेड लागलं. रीतसर लायसन्स काढलं आणि शहराबाहेरच्या बर्नार्ड नावाच्या शेतकऱ्याने आपल्या रानात शिकारीची परवानगी दिली. अशी परवानगी मिळणं म्हणजे पुण्यात घरासमोर पार्किंग मिळणं! अट एकच होती. त्याने नव्याने लावलेल्या ओकच्या रोपांवर एक वयस्क नर हरीण शिंगं घासून सालं सोलत होता.

"सीझन संपेपर्यंत तो गेला पाहिजे," बर्नार्ड म्हणाला. "नाहीतर डॉक्टर, तुम्ही गेलात."

नर म्हणजे फॅलो जातीचं भलं थोरलं हरीण, इथल्या भाषेत बक. हाताच्या पंजासारखी रुंद शिंगं, ताठ मान, आणि मांडवात मानपान कमी पडल्यासारखी नजर. मी त्याचं नाव 'व्याही' ठेवलं.

"हरणाच्या मागे लागून आजवर कोणाचं भलं झालंय रे?" आई म्हणाली. ती आमच्याकडेच असते.

"अगं, रोपांचं वाटोळं करतोय तो!"

"करू दे. या देशात झाडांना काय तोटा आहे?"

ऑगस्टमध्ये मी बार्लीच्या शेताच्या कडेला मचाण लावलं, कारण त्या दिवसांत नर तिथे चरायला येतात. व्याही आले. थांबले. नाक वर केलं आणि 'हेच का स्वागत?' अशा थाटात निघून गेले. मी पावसात भिजून घरी.

"जागा चुकली," मेधा म्हणाली. ती माझी बायको, आणि जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर; पेशंटमागे दहाच मिनिटं मिळत असल्याने तिचं निदान तेवढ्यात होतं.

ऑक्टोबरमध्ये जागा बदलली. तेव्हा नर माद्यांच्या मागे वेडे होतात, जुन्या ओकांखाली रेकत उभे राहतात, त्यांना जगाची शुद्ध नसते म्हणे. डोंबल! व्याह्यांनी ऐन प्रेमाच्या भरात माझ्याकडे वळून पाहिलं, शिंकल्यासारखं केलं आणि समस्त माद्यांना घेऊन पसार झाले! मी पुन्हा चिंब.

मग हिवाळ्यात पाइनच्या दाट झाडीत गेलो. तिथे तर दर्शनसुद्धा नाही. मी डायनिंग टेबलवर रानाचा नकाशा पसरला, वाऱ्याचे बाण काढले, लाल-निळ्या टाचण्या टोचल्या.

"तो बक कुठे येतो ते तू शोध," मेधा कडाडली, "पण आधी मी आमटी कुठे ठेवू ते सांग!"

फेब्रुवारीत शेवटी वैतागून थेट रोपांशेजारीच मचाण ठोकलं. म्हटलं, चोर कुठे येणार? चोरीच्याच जागी ना? एप्रिल, म्हणजे सीझनचा शेवटचा महिना आला, तरी व्याही फिरकले नाहीत. माझं टाळकं सरकलं. परवानगी जाणार हे दिसतच होतं. बर्नार्डलाही राहवलं नाही, एका संध्याकाळी तो स्वतः मचाणावर येऊन बसला. थोड्या वेळाने त्याने नाक फेंदारलं.

"डॉक्टर, तुमच्या अंगाला चर्चसारखा वास का येतोय?"

"मला? मला तर काही येत नाही."

"जॅकेटला येतोय. चर्चचा... आणि लसणाचा."

मी तडक घरी आलो. "आई, माझ्या जॅकेटला तू काही करतेस का?"

"मग! ओलंचिंब आणून टाकतोस, कुबट वास मारतं. नवं आणलंस तेव्हापासून दर वेळी धुरी देते त्याला. तुझ्या दुपट्यांना द्यायचे तशीच. ऊद, ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं."

(वाऱ्याचे बाण काढणाऱ्या या महाभागाला सबंध सीझन तो वास आला नाही, कारण मला तो वास वाटतच नव्हता. मला ते घर वाटत होतं!)

"अगं आई! हरणाला लांबूनच वास येतो! आपण येतोय हे त्याला आधीच कळतं!"

"बरंच की! असं न कळवता कोणाच्या दारात जाऊ नये."

मेधा हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मला रडायला येत होतं. तीन ऋतू मी जागा बदलत राहिलो, आणि बदलायचं होतं जॅकेट!

सीझन संपला. रानाच्या फाटकाची किल्ली परत करायला मी मान खाली घालून बर्नार्डकडे गेलो. तो मला रोपांकडे घेऊन गेला.

"बघा. तुम्ही इथे बसायला लागल्यापासून एकाही रोपाचं साल निघालेलं नाही."

"म्हणजे... परवानगी चालू?"

"चालू तर! कायमची!" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फक्त डॉक्टर, तुम्ही स्वतः नाही आलात तरी चालेल. जॅकेट पाठवा."

आता जॅकेट रोपांजवळच्या खांबावर टांगलेलं असतं. पलीकडच्या कडेला व्याही मजेत चरतात. दर पंधरवड्याला आई जॅकेटला ताजी धुरी देते आणि मी ते नेऊन टांगतो. रानाची परवानगी जॅकेटला आहे. मी त्याचा ड्रायव्हर.