तांबडी भांडी

आमच्या घरात औषध सगळ्यांत निमूटपणे कोणी घेत असेल तर कोंबड्या, असा माझा समज होता.

चाकणजवळ एका कारखान्याच्या भिंतीला लागून आमचं थोडं रान उरलं आहे. तिथे बायकोनं ब्रॉयलरची शेड टाकली. पिल्लं, खाद्य, औषध कोंबडीवाल्या कंपनीचं. शेड आणि काळजी आमची. करार बायकोच्या नावावर आणि ही तिची पहिलीच बॅच. ही बिघडली तर पुढची पिल्लं मिळणार नाहीत, हे सुपरवायझरनं आमचाच चहा पीत हसत हसत सांगितलं होतं. बायको त्या दिवशी जेवली नाही. तिच्या वाटणीचं मी जेवलो.

आणि बॅचचं पोट बिघडलं. कोंबड्या पातळ, फेसाळ शिटू लागल्या, खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं होऊन पायांना चिकटू लागलं. सुपरवायझरनं मूठभर तूस उचलून दाबलं, तर त्याचा लाडू झाला. पूजेचा प्रसाद द्यावा तसा तो त्यानं बायकोपुढे धरला. मग पाण्यातून द्यायची एक पावडर दिली, पोटातले चांगले जंतू वाढवणारी. हे जंतू जिवंत असतात, म्हणाला. टाकीत क्लोरीन घालायचं नाही आणि कालवलेलं पाणी लवकर संपलं पाहिजे. म्हणून आधी पाण्याची लाइन बंद ठेवायची, कोंबड्यांना तहान लागू द्यायची आणि मग औषधाचं पाणी सोडायचं. म्हणजे सगळ्या तुटून पडतात.

रोज सकाळी शेजारच्या कारखान्याची पहिली शिफ्ट आत गेली की बायको पाण्याचा कॉक बंद करायची. काही वेळानं मी लग्नातल्या आचाऱ्याच्या थाटात बादलीत पावडर कालवायचो, टाकीत ओतायचो, कॉक सोडायचो आणि दोन्ही हात पसरून म्हणायचो, "या मंडळी, पंगत मांडलीय." मंडळी येत नसत. चार-दोन जणी यायच्या, चोच लावायच्या; बाकीच्या दुसऱ्या लग्नात जेवून आल्यासारख्या बसून राहायच्या. तूस ओलं ते ओलंच.

बायकोचा संशय माझ्यावर. मी पावडर नीट कालवत नाही, नुसती नाटकं करतो. नाटकं करत होतो हे खरं, पण कालवणं चोख होतं.

एका सकाळी लाइन बंद असताना बाबा, म्हणजे माझे वडील, शेडच्या मागच्या टोकाला खोकले. अख्खी शेड तिकडे धावली. माझ्या आमंत्रणाला मान न वळवणाऱ्या कोंबड्या बाबांच्या खोकल्याला पळत होत्या. आम्ही दोघं मागून गेलो. बाबा उकिडवे बसलेले, पुढे पिल्लं लहान असतानाची पाण्याची तांबडी भांडी, काठोकाठ भरलेली, आणि भोवती ही गर्दी.

बाबांनी वर पाहिलं नाही. "चोची उघड्या टाकून बसत्यात," ते म्हणाले. "मला न्हाई बघवत."

बाबांचा जन्म भोसरीत भट्टीपुढे गेला. पाण्याला जायचं तर फोरमनची मर्जी लागायची. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. पण घरात कुणी पाणी मागितलं की हातातलं टाकून आधी तांब्या भरतात.

मी मोठ्या उत्सुकतेनं बायकोच्या भडिमाराची वाट पाहत होतो. ती त्यांच्या शेजारी बसली. साध्या पाण्यानं यांची पोटं भरतात, मग औषध कुणी पीत नाही आणि यांचं पोट दुखायचं राहत नाही, असं तिनं हळूहळू समजावलं. मग म्हणाली, "उद्यापास्नं कॉक तुमीच सोडा, बाबा. तवर मात्र पानी न्हाई."

"आन् सोडायचा कवा?"

"तुमाला अगदीच बघवंना झालं, की मला हाक मारा. मी पयल्यांदा न्हाई म्हनंन. दुसऱ्यांदा म्हनलात की सोडू."

दुसऱ्या दिवशी बाबा शेडसमोर खुर्ची टाकून बसले. चहा नको म्हणाले. पाणीही नको म्हणाले. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठाला लावलेला कप खाली ठेवला. घरात कुणीतरी धडधाकट राहायला हवं, म्हणून तिन्ही चहा मी संपवले. दुसऱ्या हाकेनंतर बाबांनी कॉक सोडला, आणि साऱ्या शेडभर चोचींची टकटक सुरू झाली. ती नीट कानावर पडल्यावर मगच त्यांनी तांब्या तोंडाला लावला.

पुढे सुपरवायझर आला तो चाकण चौकातल्या ट्रॅफिकमधून, घामानं निथळत. शेडमध्ये वाकून त्यानं मूठभर तूस उचललं आणि दाबलं. बायकोची नजर त्या मुठीवर. तो काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "आदी पानी पिऊ द्या त्यांना," आणि मला तांब्या आणायला पिटाळलं. मी परत आलो तरी मूठ मिटलेलीच आणि बायको तशीच उभी. त्यानं दुसऱ्या हातानं तांब्या घेतला, सबंध रिकामा केला, तोंड पुसलं आणि मूठ उघडली. तूस बोटांतून भुरभुर खाली सांडलं.

"वहिनी, पुढची पिल्लं कधी पाठवू?"

उत्तर बाबांनी दिलं.

"थांबा जरा. तांबडी भांडी धुऊन घेतो."