पावसाळ्यातले आकडे

बाई कुठलंही नियतकालिक शेवटच्या पानापासून उघडत. आधी संदर्भ, मजकूर नंतर. "कोणाचो आधार घेतल्यान, तो आधी बघूया," असं स्वतःशीच म्हणत आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढत.

मालवणकडच्या आमच्या लहानशा कॉलेजच्या त्या ग्रंथपाल. दोन हजार सालाच्या आसपास मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशीनंतर पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. कोकणातल्या कांदळवनांवर आजवर काय संशोधन झालं आणि त्यात कोण कोणाचा आधार घेतं, हा त्यांचा विषय. एक शोधनिबंध म्हणजे एक ठिपका. एकाने दुसऱ्याचा उल्लेख केला की दोघांमध्ये रेघ. सुट्टीच्या दिवशी एसटीने बांद्यावरून गोव्याच्या ग्रंथालयात जायचं, झेरॉक्स आणायच्या आणि भल्यामोठ्या कार्डशीटवर रेघा ओढत बसायचं. प्राचार्यांनी एकदा तो कागद पाहून विचारलं, "बाई, हा कुठला तालुका?"

"सीमा अजून ठरायच्या आहेत, सर," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

हळूहळू सीमा दिसू लागल्या. एकीकडे झाडांचा अभ्यास करणारे, दुसरीकडे माशांचा. तुम्हीही अशा शेजारशेजारच्या वाड्या पाहिल्या असतील, एकमेकींचं नाव न घेणाऱ्या. दोन्हीकडून रेघा येत होत्या त्या मधल्या एकाच ठिपक्याकडे. कांदळाच्या मुळांत माशांची पिल्लं कुठल्या महिन्यात किती असतात, यावरचा तो जुना छोटा निबंध होता. लिहिणारीचं नाव पुढे कुठेच आढळत नव्हतं.

"ह्यो ठिपको काढलो तर कागदाचे दोन तुकडे होतत," बाई मला म्हणाल्या. "ही बाई मगे गेली खंय गो?"

निबंधात विजयदुर्गची खाडी होती. तळेऱ्याला गाडी बदलून आम्ही दोघी तिथे गेलो. तो निबंध लिहिणाऱ्या सुमतीताई सहज सापडल्या. साठीच्या, आंब्याची कलमं सांभाळणाऱ्या. बाईंनी त्यांच्या ओटीवर कागद पसरला आणि त्यांचा ठिपका दाखवला. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल.

त्यांनी एका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पावसातले आकडे पण घेतल्यानी?"

"तेच तर सगळ्यांनी घेतल्यानी. पावसात खाडीत जावन दुसऱ्या कोणी मोजूकच नाय."

"मी पण नाय मोजूक," सुमतीताई म्हणाल्या.

त्या वर्षी त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते, लग्न ठरलं होतं आणि गाईडना निबंध हवा होता. पावसाळ्यातले आकडे त्यांनी अंदाजाने भरले. "माका वाटला, वाचतलो कोण?" लग्नानंतर त्या पुन्हा संशोधनाकडे वळल्या नाहीत. वळायची हिंमत झाली नाही, असं त्याच म्हणाल्या.

परत आल्यावर बाईंनी हे आपल्या गाईडना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही नकाशा काढा. आकडे तपासणं हे ग्रंथपालाचं काम नव्हे." तेही खोटं नव्हतं. गप्प राहिलं तर पदवी वेळेवर मिळणार होती. लिहिलं तर उतारवयात एका बाईचं नाव जाणार होतं.

बाई पुन्हा विजयदुर्गला गेल्या आणि म्हणाल्या, "मी तुमचा नाव काढूचंय नाय. आपण मोजूया. मगे काय ता तुमीच सांगा."

आषाढात आम्ही खाडीत उतरलो. बाईंना पोहता येत नव्हतं. एकदा होडी कलली, तर त्यांनी पिल्लांची बरणीच पोटाशी घट्ट धरली. "बाईनू, होडयेक धरा, बरणी जावंदे!" सुमतीताई ओरडल्या. बाईंनी काही बरणी सोडली नाही.

खरे आकडे अंदाजापेक्षा फार कमी निघाले. सुमतीताईंनी स्वतःच्या नावाने सगळं कबूल करून नवा निबंध लिहिला. बाईंनी नकाशावर एक ठिपका वाढवला, पुढचं प्रकरण पुन्हा लिहिलं आणि पदवी लांबली तरी कुरकुर केली नाही. जुनेच आकडे वापरणारे कमी झाले नाहीत. असा निबंध दिसला की बाई लिहिणाऱ्याला नम्रपणे नवा निबंध पाठवत. कोणी उत्तर देई, कोणी देत नसे. खाडीवर मात्र दोघी दर पावसाळ्यात जात राहिल्या, आणि जमेल तेव्हा मीही.

पदवी मिळाल्यावर थोड्याच काळात बाई आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, निदान उशिरा झालं. दिवाळीनंतर त्या गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात सुमतीताईंचा फोन आला, "येतंस मा गो?" मी गेले. धक्क्यावर त्या भिजत उभ्या होत्या. आम्ही होडीत बसलो. कांदळांपाशी जाळं वर आलं, त्यांनी पिल्लं मोजली, आकडा मोठ्याने सांगितला आणि थांबल्या. बाई आकडा वहीत लिहून "लिवलंय" म्हणत, मगच दुसरं जाळं पडायचं. मीही थांबले होते. होडीवाल्याने वल्हं धरून ठेवलं आणि आम्हा दोघींकडे पाहिलं. पाऊस पाण्यावर वाजत होता.

थोड्या वेळाने सुमतीताईंनी तोच आकडा पुन्हा सांगितला, या वेळी हळू आवाजात. मी पर्समधून पेन काढलं.