दंडक एअरवेजचा सारस

हे किस्से मी इतक्या लग्नांत, इतक्या प्रवासांत सांगितले आहेत, की यातले पाहिलेले किती आणि सांगता सांगता वाढलेले किती, हे आता माझे मलाच नीट सांगता येत नाही. इतिहासात पुढे डॉक्टरेट केलेल्या माणसाने असे लिहावे, हे काही शोभत नाही. पण किस्से उधईसारखे असतात, एक दिसला की मागे वारूळ निघते. म्हणून जमेल तेवढे सावधपणे सांगतो. चुकलो असेन, तर तपासून पाहायला आता मंडळातले कुणी उरलेले नाही.

तेव्हा आमचे गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. मी शाळेत इतिहास शिकवत होतो. विमानांची मॉडेले जमवणारे आमचे मंडळ तिघांचे. नानाजी बिसेन यांची राइस मिल होती, शुक्लाजी तेंदूपत्त्याचे व्यापारी, आणि मी.

सुरुवात शुक्लाजींनी केली. सरकारने खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, त्या सुमारास ते कलकत्त्याला गेले होते. तिथे एका तिकीट एजंटाने दुकान आवरताना काउंटरवरचे विमानाचे मॉडेल कचऱ्यात टाकले. शुक्लाजींनी ते उचलले आणि धोतरात गुंडाळून गोंदियाला आणले!

नानाजींनी ते उलटेपालटे करून पाहिले. "हे उडते का?"

"नहीं।"

"मंग कायले आनलं?"

शुक्लाजी म्हणाले, "नानाजी, चालू कंपनी का जहाज तो आसमान में दिखता है. बंद हो गई, उसका कौन रखेगा?"

दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसातले काचेचे कपाट रिकामे करून झाले होते. त्या दिवसापासून आमचा नियम एकच. बंद पडलेल्याच कंपनीचे विमान ठेवायचे.

*

कपाटात सात विमाने झाली आणि एक गंमत लक्षात आली. मिल सुरू झाली, की भिंत थरथरायची आणि विमाने फळीवर हळूहळू पुढे सरकायची. सकाळी मागे ठेवलेले विमान दुपारी काचेला नाक लावून उभे!

बाहेर धान घेऊन आलेले शेतकरी खिडकीतून पाहत राहायचे. एकाने नानाजींना विचारले, "मालक, काऊन म्हनता उडत नाई? चालून तर राहिलं!"

शेवटी प्रत्येक विमानाखाली कोंड्याने भरलेले ताट ठेवले. जगात कोंड्यावर उतरणारी विमाने फक्त आमच्याकडे होती.

*

मी मंडळाचा कागदपत्रवाला. बंद कंपन्यांना पत्रे लिहून जुनी वेळापत्रके, तिकिटे मागवायची. एक पत्र महिन्याभराने परत आले. वर शिक्का होता, असा कुणी या पत्त्यावर नाही.

मी खट्टू झालो. शुक्लाजींनी मात्र तो लिफाफा कपाटात विमानाशेजारी उभा केला.

"अहो, हे काय?"

"प्रोफेसर साहब, बंद होने का इससे पक्का सबूत कहाँ मिलेगा?"

*

पुराव्याचा नियम पुढे मीच घातला, आणि तो माझ्यावरच उलटला. कंपनीचा छापील कागद असेल किंवा दोन साक्षीदार असतील, तरच विमान वरच्या फळीवर. नाही तर सगळ्यात खाली. खालच्या फळीला शुक्लाजी 'हवालात' म्हणत.

स्वातंत्र्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. गोंदियाजवळ बिरसीला लढाईच्या काळातली धावपट्टी होती. मी सायकलने तिकडून जात असताना ढगांमुळे एक प्रवासी विमान तिथे उतरले. तासभर थांबले. पोटावर इंग्रजीत 'दंडक एअरवेज', शेपटीवर लाल मानेचा सारस. हे मी डोळ्यांनी पाहिले.

मंडळात सांगितले, तर नानाजी हसले. "मास्तर, तुमी धानाच्या बांधीत सारस पायला, मंग वर विमान पायलं. डोक्यात दोनी एक झाले!"

"नानाजी, मी एम.ए. आहे."

"म्हनूनच!"

दंडक एअरवेज नावाची कंपनी इतर कुणी ऐकलीही नव्हती. त्या रात्रीपासून मलाही शंका यायला लागली. पण ठरवले, पुरावा आणायचाच.

*

मी बिरसीच्या आसपास दारोदार फिरलो. तिसऱ्या रविवारी एक म्हातारे शेतकरी भेटले.

"इमान? पायलं ना जी! त्याच्या सावलीत माहे बैल बसले होते."

मी घाईने विचारले, "बाबा, शेपटीवर काय होते?"

"कोनाच्या?"

"विमानाच्या!"

"इमानाची शेपटी कोन पायते? बैलाची इचारा. एक बांडा होता, एक तांबडा."

नानाजींनी निकाल दिला, "विमान मंजूर. सारस नामंजूर."

*

मॉडेल कुठे मिळणार नव्हते, म्हणून ते करून घ्यायचे ठरवले. दसरू मिस्त्री मुलांनी तान्ह्या पोळ्यात ओढायचे लाकडी नंदी करायचा. त्याने विमान कधी जवळून पाहिले नव्हते. मी चित्र काढून दिले, दोन इंजिने समजावली, सारस समजावला.

महिन्याने तो विमान घेऊन आला. सागवानाचे, गुळगुळीत, सुरेख. फक्त खाली चार मोठी चाके आणि पुढे दोरी!

"मिस्त्री, हे काय?"

"पोराइनं वढावं कसं मंग?"

नानाजींच्या नातीने त्या वर्षी तान्ह्या पोळ्यात नंदीऐवजी तेच ओढले. परीक्षक म्हणाले, "अरे, शिंगं कुठं हायेत याले?" दसरू गर्दीतून ओरडला, "पंखे हायेत ना जी! मारते त्यानं!" विमानाला दुसरे बक्षीस मिळाले.

पण मी अडलो होतो ते शेपटीवर. दसरूने तिथे एक नाही, दोन सारस कोरले होते. एक ताठ, दुसरा मागे मान वाकवलेला.

"मी एकच सांगितला होता."

"सारस एकटा नाई राह्यत जी. जोडी असते."

"अरे, हे खरे सारस नाहीत, कंपनीचे चिन्ह आहे! मी पाहिले आहे. एकच होता."

"तुमी एकच पायला असन," दसरू शांतपणे म्हणाला. "दुसरा असनच."

आधीच माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, त्यात हा दुसरा पक्षी! मी हट्टाला पेटलो. त्याला समोर बसवून मागचा सारस खरवडून काढायला लावला. त्याने पटाशी लावली, जागेवर लाखेचा हात दिला, आणि एवढेच म्हणाला, "तुमी शिकेल मानूस."

सारसाला साक्षीदार नव्हता, म्हणून विमान हवालातीत गेले. ते वर न्यायचेच, म्हणून मी पत्रे लिहीत राहिलो. नानाजी गेले, शुक्लाजी गेले, मिल बंद पडली. कपाट माझ्या घरी आले. दसरू सगळ्यांच्या आधी गेला होता.

कितीतरी वर्षांनी नागपुरात एका रद्दीवाल्याकडे मला एक वेळापत्रक सापडले. दंडक एअरवेज. मुखपृष्ठावर विमानाचा फोटो, अगदी बाजूने घेतलेला. मी ते घरी आणले, खिडकीशी बसलो, भिंग लावले. मग चष्मा पुसून पुन्हा लावले.

शेपटीवर दोन सारस होते. मागच्याची मान वाकलेली होती.