ईराच्या पायऱ्या मी चढत होते

हे मी आजवर कुठे लिहिलं नाही, आणि गेल्या शुक्रवारपर्यंत कुणाला बोललेही नव्हते. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सात वर्षं झाली. माझ्यासारख्या बाईकडे न सांगितलेलं काही असेल असं कुणाला वाटणारही नाही. माझं सगळं लिहिलेलं असतं, तारखेसकट. फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, लोणावळ्याच्या बाजारात जायचं तर दुकानांच्या क्रमानं यादी. ही एकच गोष्ट कुठल्या यादीत नव्हती.

तुम्हाला सांगते. मध्ये मध्ये थांबेन, तेवढं चालवून घ्या.

मी लोणावळ्याजवळ कुसगावला राहते आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. बाहेरून आलेला माल तपासून आत घ्यायचा, हे माझं काम. खोका उघडायचा, नग मोजायचे, कड तुटलीय का बघायची, सही करायची. माझी मुलगी ईरा दोन वर्षांची झाली आणि घरात शैक्षणिक खेळणी यायला लागली, तेव्हा मी तीही अशीच तपासायला लागले. रंग ओल्या फडक्याला लागतो का? बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे, की नुसतं दाबून बसवलंय? खोक्यावर ‘तीन वर्षांपुढे’ लिहिलंय ते कोणत्या मुलाला बघून?

माझी मतं ठाम होती. लाकडी ठोकळे — उत्तम. चुंबकाची अक्षरं — चांगली, पण आमच्या संचात ‘ळ’च नव्हता. बोलणारं पेन — चार दिवसांची गंमत. बटण दाबलं की कविता म्हणणारी पाटी — मोठ्यांच्या डोक्याला ताप, मुलाच्या डोक्यात काही नाही. हे सगळं मी दोन पानांवर लिहून काढलं, वय, वस्तू, मत असे रकाने आखून. कँटीनमध्ये एकीनं मागितलं म्हणून तिला दिलं. महिन्याभरात त्याच्या झेरॉक्स पॅकिंगपासून पेंट शॉपपर्यंत फिरत होत्या. “ताईंच्या यादीत हाय का?” असं विचारून बाया खेळणं घ्यायच्या.

मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

यादीच्या शेवटच्या ओळीत एक ॲप होतं. पाच वर्षांच्या मुलांसाठी. आकडे, आकार, रंग, जोड्या लावा. नाव सांगत नाही, आता ते मिळतही नाही बहुतेक. पायरी पायरीनं वर चढायचं. उत्तर बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की एक हत्ती धपकन चिखलात पडायचा. ईराला टाळ्यांत काडीचा रस नव्हता. हत्ती पडला की ती पोट धरून हसायची. मग ती चुकीचंच उत्तर शोधायला लागली. आणि दर वेळी न चुकता चुकायचं तर बरोबर उत्तर माहीत असावं लागतं — हे मला दिसत होतं. मी शेजारीच बसलेली असायचे.

पण दर सोमवारी ॲपकडून अहवाल यायचा, आणि अहवालाला हत्ती कळत नव्हता. एक गोल, नारिंगी रंगाचा. खाली लिहिलेलं — वयाच्या मागे.

आमच्या स्टोअरमध्ये नारिंगी चिठ्ठीचा अर्थ एकच. माल परत.

मी काय करायला हवं होतं? ॲप काढून टाकायचं, यादीतली ओळ खोडायची, ‘चुकल्यावर मजा येते, घेऊ नका’ असं मत लिहायचं. किती सरळ होतं ते. मी मात्र दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसले, फोन काढला आणि ईराच्या नावानं स्वतः पायऱ्या चढायला लागले. लोणावळ्याहून निघालं की कार्ल्याच्या फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघायचं, मग डोकं खाली घालायचं. कामशेतपर्यंत तीन पायऱ्या. वडगाव येईपर्यंत आणखी दोन. आवाज बंद ठेवायचे, टाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून.

पुढच्या सोमवारी गोल हिरवा झाला. ‘वयाच्या पुढे.’ कँटीनमध्ये मी तो फोनवर दाखवला. कुणी विचारलं नव्हतं — मीच दाखवला.

तिथे रंजना बसली होती.

रंजना पॅकिंगला आहे, नवलाख उंबरे गावची. तिची तेजू ईरापेक्षा चार महिन्यांनी मोठी. घरात सासरे आहेत, आबा. ते चौथी शिकलेले, आणि नातीच्या शाळेचा विषय निघाला की त्या घरात टीव्ही बंद होतो. रंजनानं माझा हिरवा गोल बघितला, फोन हातात घेऊन दोन बोटांनी मोठा करून बघितला, आणि आठवड्यात टॅब आणला.

नंतर ती रोज विचारायची. “ताई, आमची तेजू सतराव्या पायरीला अडकलीया. पंधरा दिस झालं. तुमची ईरा कशी गेली वं पुढं?”

“सराव,” मी म्हणाले. “रोज अर्धा तास. ठरलेल्या वेळी.”

सतरावी पायरी मला चांगली आठवते. आरशात दिसणारी आकृती ओळखायची होती. मी तीनदा चुकले होते. फोन आडवा धरला, उलटा धरला, शेवटी अंदाजानं बोट ठेवलं. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. तेजू पाच. म्हणजे ती का अडकली हे मला नेमकं माहीत होतं. त्या अख्ख्या कारखान्यात फक्त मलाच माहीत होतं. आणि मी म्हणाले, सराव.

तिथेच थांबले असते तरी — पण नाही थांबले.

त्या जानेवारीत कंपनीच्या स्नेहसंमेलनाला सगळ्यांनी मुलं आणली होती. रंजना टॅब पिशवीत घालून आली. “दोघींना शेजारी बसवू ताई. ईराचं बघून आमची शिकल.” मी ईराचा हात धरला आणि म्हणाले, तिला कालपासून ताप आहे. ईरा डोक्यावर कागदी ताटली ठेवून पळत होती. “मला कुठे ताप आहे?” ती म्हणाली. मी तिला उचललं आणि जेवण न घेता निघाले. रंजना मागून ओरडून सांगत होती, काढा द्या, गवती चहा द्या.

मग एप्रिल आला. रंजना स्टोअरच्या दाराशी येऊन उभी राहिली. तेजूला पहिलीत घालायचं की सिनियर केजीत पुन्हा बसवायचं, हे विचारायला. शाळेला नाही, मला विचारायला.

“आबा म्हन्त्यात, पोरगी चलाख हाय, घाला पहिलीत. सांजच्याला कोंबड्या झाकताना समद्या मोजती, येक कमी भरली तर हुडकून आनती. पन ॲप तर मागंच दाखवतंय. तुमी सांगा ताई. तुमी सांगाल तसं करती.”

पहिलीत घाल, एवढं म्हणायचं होतं. पण मग तिनं विचारलं असतं, ॲपचं काय? आणि मग ईराचं काय? एकेक विचारत ती कुठवर येईल हे मला दिसत होतं. आता तुम्ही विचाराल, एका लहान मुलीच्या अख्ख्या वर्षापुढे माझी कँटीनमधली अब्रू एवढी मोठी होती?

होती.

“कोंबड्या मोजणं वेगळं गं,” मी म्हणाले. “एक वर्ष थांब. पाया पक्का होईल.”

तेजू पुन्हा सिनियर केजीत बसली. तिच्या गल्लीतल्या मैत्रिणी पुढे गेल्या. ईरा पहिलीत गेली. ती स्वतः चढून गेलेली शेवटची पायरी नववी होती.

त्यानंतर मी ॲप काढून टाकलं आणि यादी द्यायची बंद केली. लोकांना वाटलं मला कंटाळा आला. माझी मतं मात्र तेव्हापासून बदलली, आणि ती आजही तीच आहेत. खेळणं मुलासाठी असतं, अहवाल पालकासाठी. ज्या खेळण्यातून अहवाल निघतो ते घरात आणताना कुणासाठी आणतोय हे आधी स्वतःला विचारावं. ठोकळे कोसळतात तेव्हा कुणाला कळवत नाहीत, म्हणून ते मला अजून आवडतात. मी घेतलेल्या सगळ्या शैक्षणिक वस्तूंमध्ये ईरा सगळ्यात जास्त खेळली ती त्यांच्या खोक्यांशी. मतं बरोबर आहेत, मला वाटतं. पण ती सात वर्षं मी कुणाला सांगितली नाहीत, कारण ती कशी सुचली हे सांगावं लागलं असतं.

आणि रंजना माझे आभार मानत राहिली. हे सगळ्यात वाईट होतं. दर जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या की. “तुमच्यामुळं येळेवर कळालं, ताई.” दोन वर्षांपूर्वी तेजू आईचा विसरलेला डबा घेऊन गेटवर आली होती. मी सहज विचारलं, किती वाजता सुटते शाळा, घरी पोचायला किती वेळ लागतो, म्हणजे किती वाजता पोचतेस? उत्तर द्यायच्या आधी ती म्हणाली, “मला वेळ लागतो हां काकू,” आणि लगेच, माझं वाक्य संपता संपता, बरोबर उत्तर दिलं. त्यावर स्वतःच लाजून हसली, जणू उत्तर चुकून बरोबर आलं.

ते हसू मला दोन वर्षं पुरलं.

गेल्या शुक्रवारी पहिली पाळी सुटताना रंजना आली. तिच्या भाचीला चार वर्षं पूर्ण होतायत, तिच्यासाठी काय घ्यावं, जुनी यादी आहे का. आणि मग तेच. “आमचीला थांबवलं म्हनून निभावलं बगा. तशी ती हळूच शिकनारी.”

मी म्हणाले, “रंजना, ती हळू नव्हती. ईराच्या पायऱ्या मी चढत होते. बसमध्ये.”

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं — नारिंगी गोल, हिरवा गोल, सतरावी पायरी, ताप, पहिलीचं सगळं. क्रमानं सांगितलं, मला तसंच येतं. ती हसली. खरंच हसली. “येवढी मोठी बाई तुमी, आन् बशीत बसून हत्ती खेळत होता व्हय?” मग हसू गेलं. तिनं गाडीचं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

“मी मारलंय तिला, ताई. त्या सतरासाठी. दोनदा.”

तिनं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला.

“मला कशाला सांगता?” ती म्हणाली. “तिला सांगा की.”

खोटं बोलणार नाही — त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मला हलकं वाटलं. कडकडून भूक लागली होती. घरी जाऊन मी दोनदा भात वाढून घेतला आणि जेवता जेवता नवऱ्याला आणि ईराला सगळं सांगितलं. ईरा म्हणाली, “हत्ती आठवतोय मला,” आणि मग उशिरानं, “तेजूताईला थांबवलं ते यामुळे?” शाळेत एक वर्ष मागे असलेल्या मुलीला ती ताई म्हणते, चार महिन्यांनी मोठी म्हणून.

रविवारी सकाळी मी स्कूटरवरून नवलाख उंबऱ्याला गेले. रंजना दारातच होती. बसा म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. आतल्या भिंतीवर बुद्धमूर्तीशेजारी तेजूची प्रमाणपत्रं लावलेली दिसत होती, धावण्याची आणि चित्रकलेची. तेजू अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होती. आता बारा वर्षांची आहे, सहावीत. सातवीत असायला हवी होती.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं. ती ऐकत होती, पण हात थांबवले नाहीत. चेन बसली. तिनं पेडल फिरवून बघितलं.

“म्हणजे ईराला पण ते सतरावं येत नव्हतं?”

“नव्हतं.”

“तरी ती पहिलीत गेली.”

“गेली.”

“मग मी का नाही?”

“माझ्यामुळे,” मी म्हणाले.

तिनं काळे झालेले हात फडक्याला पुसले. एकेक बोट. मग म्हणाली, “आबांना सांगा.”

आबा ओसरीवर खाटेवर बसले होते. मी उठून त्यांच्याकडे जायला लागले, कानाशी वाकून सांगावं म्हणून.

“इथनंच,” तेजू म्हणाली. “त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगा.”

मी रंजनाकडे बघितलं. ती दाराला टेकून उभी होती, हलली नाही.

मग मी अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडले. “आबा, तेजू मागे नव्हती! तिला पहिलीत घालायचं होतं! मी खोटं सांगितलं होतं!”

शेजारच्या नळावर भांडी वाजत होती, ती थांबली. समोरच्या दारात दोन बायका आल्या. आबांनी कानामागे हात धरला. “काय म्हन्त्यात त्या?” त्यांनी नातीला विचारलं.

तेजूनं माझ्याकडे बोट केलं.

मी पुन्हा सांगितलं. आणखी मोठ्यानं.