हवा काढायला दोघं लागतात

रिक्षाच्या ब्रेकमधली हवा काढणं हे दोघांचं काम आहे, आणि मी एकटाच करतो म्हणणाऱ्याच्या रिक्षात शहाण्याने बसू नये. एकाने पुढे सीटवर बसून पायडल तीन-चारदा मारायचं आणि मग दाबून धरायचं. दुसऱ्याने मागच्या चाकाशी आडवं होऊन निपल, म्हणजे बोटाच्या पेराएवढा तो पोकळ स्क्रू, अर्धा आटा सैल करायचा. निपलला लावलेल्या नळीतून तेल येतं, तेलाबरोबर बुडबुडे येतात. मग निपल आवळायचा, आणि तो आवळल्यावरच पुढच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत, आणि सगळी मेहनत पाण्यात. यात अवघड असं काही नाही. फक्त दोघांना एकमेकांचं ऐकू यायला हवं.

लोटू पाटलाला ऐकू येत नव्हतं. लिंबायतच्या लूम-खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, बावीस वर्षं बारा-बारा तासांची पाळी केलेल्या माणसाचे कान आणखी कसे राहणार? पारोळ्याकडून सुरतेला नवा आला तेव्हा घरी आल्यावरही त्याच्या कानात माग वाजत राहायचे. मग हळूहळू माग वाजायचे थांबले आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही बरंच थांबलं. चौऱ्याण्णवला, प्लेगाच्या साली, सगळी वस्ती गावाकडे पळाली, तसा तोही पळाला. परत आला तर शेठने खातं विकून टाकलेलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसऱ्या खात्यात कोण उभं करतं? तेव्हा एका गॅरेजात वर्षभर राबून तो ब्रेकचं काम शिकला आणि रेल्वे फाटकाजवळच्या कोपऱ्यावर गोणपाट अंथरून बसला.

हात मात्र त्याचे अजून खात्यातलेच होते. सुताचा ताण बोटाने ओळखणाऱ्याला निपल किती आवळायचा हे सांगावं लागलं नाही. लोक जोर लावतात आणि निपल मोडून बसतात. लोटूने कधी मोडला नाही. मागाच्या फणीच्या तारेने तो निपलचं भोक साफ करायचा, चिखल जाऊ नये म्हणून त्यावर रबरी टोपी बसवायचा, आणि टोपी हरवून येणाऱ्या रिक्षावाल्याकडे असा बघायचा की तो पुढच्या वेळी दोन टोप्या घेऊन येई.

पायडलवर बसायची त्याची बायको, सरलाबाई. घरी साड्यांना खडे चिकटवण्याचं काम टाकून ती यायची. सीटवर बसून पायडल दाबून धरलं की हातातल्या छोट्या पान्याने पत्र्यावर एकदा ठोकायची. खाली लोटूचा डावा तळवा सांगाड्यावर टेकलेला असायचा, त्याला ते ठोकणं हातात कळायचं. निपल आवळून झाला की तो दोनदा ठोकायचा, मग ती पाय उचलायची. रिक्षावाल्यांना ही नवरा-बायकोची काहीतरी खोड वाटायची. कान किती गेलेत हे सरलाबाईशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि कळूही द्यायचं नव्हतं. बहिऱ्याच्या हाती कोण ब्रेक देणार? हाक मारून ओ दिली नाही की लोक म्हणत, लोटूभाऊला भारी मिजास आहे. ते त्याला परवडत होतं.

शहाण्णव साली दिवाळीच्या आधी सरलाबाई पलसाण्याला गेली. लेक उज्ज्वला बाळंत झाली होती, जावई रंगाईच्या कारखान्यात पाळीला जाणारा, तिथे दुसरं बघणारं कोणी नव्हतं. दहा दिवस लोटूने वेळ मारून नेली. केबल बदल, लायनर बदल, हवा काढायचं काम आलं की उद्या ये म्हण. पण मारुती ऐकेना. मारुती अहिरे, खान्देशचाच, आधी कतारगामला लूमवर होता, आता रिक्षा चालवायचा. तो म्हणाला, पायडलवर मीच बसतो, त्यात काय एवढं.

लोटूला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि त्या दिवशी तो नव्हता. तो चाकाशी आडवा झाला, दाब म्हणाला, मनातल्या मनात चार आकडे मोजून निपल सैल केला, आवळला, सोड म्हणाला. असं सहा वेळा. एरवी शेवटी तो स्वतः पायडल दाबून बघायचा. त्या दिवशी मारुतीने दोनदा पाय मारला, घट्ट लागतंय म्हणाला आणि निघून गेला. हवा राहिली तरी दोनदा मारल्यावर पायडल घट्ट लागतं, हे लोटूला माहीत होतं. तरी त्याने थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी मारुतीचं पायडल थेट तळाला गेलं आणि रिक्षा पेरूच्या हातगाडीवर आदळली. मागे बसलेल्या म्हातारीच्या कपाळाला टेंगूळ आलं. त्यावर निभावलं.

मारुती भांडायला आला नाही. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर चौघांत उभा राहून तो बोलत होता. खात्यात मागांच्या आवाजात कोणी आवाजाने बोलत नाही, तिथे ओठ वाचतात, आणि लोटू अजून रस्ता ओलांडूनही वाचू शकायचा. मारुतीचे ओठ म्हणत होते, तो लोटू ठार बहिरा आहे, त्याच्याकडे ब्रेक नेऊ नका, जीव जाईल. लोटूने मान खाली घातली आणि स्वच्छ असलेले पाने पुन्हा पुसायला घेतले. त्याला फार लाज वाटली. म्हातारीचं टेंगूळ त्याच्या डोळ्यासमोरून हलेना.

त्यानंतर चार दिवस एकही रिक्षा थांबली नाही.

सरलाबाई परत आली. नवऱ्याच्या नखांत काळं नाही हे तिने दारातच पाहिलं. त्याने सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. ती चपला घालून तडक मारुतीकडे निघाली. बावीस वर्षं खात्याला दिली त्या माणसाला चव्हाट्यावर बहिरा म्हणतोस, असं त्याला चांगलं सुनावायचं तिच्या मनात होतं. सुनावलंही. पण परत आली तेव्हा तिचा राग गेला होता. गुडघा चोळत ती नवऱ्यासमोर, त्याला तोंड दिसेल अशी, बसली.

"मी बोलत व्हतू तवय तो मन्हा तोंडकडेच देखत व्हता," ती म्हणाली. "तुमनासारखाच. त्याले बी ऐकू येत नही."

लोटूला सगळा हिशोब लागला. म्हणजे तो दाब म्हणाला ते मारुतीला ऐकू आलं नव्हतं, मारुतीने धरलं म्हटलं ते त्याला ऐकू आलं नव्हतं. दोघेही अंदाजाने आकडे मोजत होते आणि दोघांचे आकडे वेगळे होते. मारुतीने लोटूचं स्वतःवरूनच ओळखलं असणार, आणि आपलं कळलं तर रिक्षा जाईल ही त्याला भीती. म्हणून बहिरा म्हणत त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं होतं. लोटूला त्याचा राग यायला हवा होता, पण राग धरण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

सकाळी तो टपरीवर गेला. मारुती एकटाच होता. त्याच्यासमोर बसून लोटू आवाज न काढता, खात्यात बोलायचे तसं नुसत्या ओठांनी बोलला.

"माले ऐकू येत नही. तुले?"

मारुतीने आजूबाजूला पाहिलं. चहाचा कप खाली ठेवला. मग त्याचेही ओठ हलले. "नही."

टपरीवाल्याला वाटलं, दोघे अबोला धरून बसलेत.

लोटूने ठोकण्याची रीत त्याला तिथेच समजावली. धरलं की एक, सोडायचं तेव्हा दोन. शिवाय भंगारातल्या रिक्षाचा एक मोठा आरसा काढून दिला, हॉर्न ऐकू आला नाही तरी मागची गाडी दिसावी म्हणून. एवढ्याने बहिरा माणूस रिक्षा चालवायला लायक होतो का? निदान ब्रेक तरी धड असावेत, इतकंच लोटूच्या हातात होतं.

मग रिक्षा कोपऱ्यावर आली. मारुती सीटवर बसला. सरलाबाई, कितीतरी दिवसांनी पाय लांब करून, शेजारच्या दुकानाच्या पायरीवर टेकली. एक ठोका, तेल, बुडबुडे. दोन ठोके. पुन्हा एक. सहाव्या वेळी नळीतून नुसतं स्वच्छ तेल आलं. लोटूने निपल आवळला, टोपी बसवली, आणि क्षणभर चाकाला डोकं टेकून डोळे मिटले. ठोकायचं तो विसरला. वर मारुती दोन ठोक्यांची वाट पाहत पायडल दाबून बसला होता, त्याची पोटरी थरथरायला लागली तरी पाय उचलत नव्हता.

"झालं, सोडा आता," सरलाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने.

दोघांपैकी कोणी हललं नाही. तिने गुडघ्यावर हात ठेवला, उठली, पाना उचलला आणि पत्र्यावर दोनदा ठोकलं.