काकांची टू-फोर-थ्री

काकांशी कुठल्याही विषयावर बोलायला लागा, चौथ्या वाक्याला ते बंदुकीच्या कॅलिबरवर यायचे. तुम्ही म्हणा, "काका, यंदा थंडी लवकर पडली." ते म्हणणार, "हो ना. म्हणजे हरणं लवकर रानाच्या कडेला येणार. अन् इतक्या जवळून मारायचं तर थ्री-ओ-एट घेऊन काय करायचंय, सांगा मला?" समोरचा बिचारा आरतीच्या गर्दीत उभा, हातात प्रसादाची कागदी वाटी, आणि काका त्याला समजावून सांगताहेत की थ्री-ओ-एटची गोळी जाड, तिचा खांद्याला धक्का मोठा, टू-फोर-थ्रीची बारीक, धक्का निम्मा, पण जाते सरळ. साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळात ही माहिती नको असताना मिळाली नाही असा एकही माणूस नव्हता. इथे जन्मलेल्या आमच्या पोरांनी त्यांचं नाव बंदूककाका ठेवलं होतं. "काका, आज तुमचा बंदूक आणला?" असं त्यांच्या मराठीत विचारायची. काका अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "गणपतीला नाही आणत बेटा. उंदीर घाबरतो."

काका मूळचे चंद्रपूरकडचे, पेशाने भूल देणारे डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं काढून रिटायर झालेले. जंगलाच्या कडेला वाढले, पण तिकडे जन्मात कधी बंदुकीला हात लावला नव्हता. पन्नाशीत एका इंग्लिश सर्जनने त्यांना एकदा पहाटे हरणाच्या शिकारीला नेलं आणि हे तिथेच अडकले. मी पुण्याची, घरात अंडंसुद्धा न येणारी. मी पहिल्याच भेटीत तोंडावर विचारलं होतं, "काका, त्या गरीब जिवांना मारून तुम्हाला मिळतं काय हो?" ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "इथं हरणं बेसुमार झालीत बाप्पा. कोवळी झाडं सोलून खातात. वाघ नाही, लांडगा नाही. इथला वाघ लाँग लीव्हवर आहे, मी त्याचा लोकम." बदली डॉक्टरला इथे लोकम म्हणतात. वाघाच्या जागी बदलीवर आलेला हा टक्कल पडलेला, मफलर गुंडाळलेला माणूस बघून मला हसू आवरेना.

पण कॅलिबरचं वेड हे नुसतं वेड नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. काका ते सगळं भुलेच्या डोससारखं बघायचे. "डोस पेशंटच्या अंगावरून ठरतो, डॉक्टरच्या रुबाबावरून नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका शेतकऱ्याने त्यांना ज्या शेतावर शिकारीची परवानगी दिली होती, तिथे यायची ती रो जातीची हरणं, आपल्या बकरीएवढी. कायद्याने त्यांना अगदी बारीक गोळी चालत नाही, आणि टू-फोर-थ्री म्हणजे कायद्याच्या उंबरठ्याच्या जरा आत. लोक मात्र तोफा घेऊन हिंडतात, आणि त्यांची स्वतःची जुनी थ्री-ओ-एटही त्यातलीच, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मेलेल्याला काय, जाड गोळी नि बारीक गोळी." त्यावर ते म्हणाले, "त्याला कळता कामा नये, फिजिओबाई. चरता चरता दिवा विझला पाहिजे. माझं आयुष्यभराचं काम तेवढंच होतं."

फिजिओबाई म्हणजे मी. फिजिओथेरपिस्ट आहे.

एका दिवाळीला त्यांनी हरणाच्या मटणाचा मोठा डबा मंडळाच्या जेवणाला आणला. काकूंनी वऱ्हाडी मसाला घालून रस्सा केला होता. टेबलावर एका टोकाला ठेवला. आम्ही सगळे तिकडे न बघता पुरीभाजी वाढून घेत होतो. मटण खाणारेही त्या दिवशी शाकाहारी झाले. जाताना काकूंनी तो डबा झाकण न उघडता पिशवीत परत ठेवला. त्यानंतर लोक काकांना जरा लांबूनच नमस्कार करायला लागले, आणि त्या लोकांत मीही होते. उगीच साळसूदपणा कशाला आणू.

काकूंची त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती. रायफलच्या लोखंडी कपाटाची किल्ली कुठे आहे हे लायसन्स असलेल्या माणसाशिवाय कोणाला माहीत असता कामा नये, असा इथला नियम. काका तो देवाच्या सोवळ्यासारखा पाळायचे. "चाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्यापासून एवढी एकच गोष्ट लपवली," काकू सगळ्यांना सांगायच्या, "आणि घर झाडते मी! मला काय ठाऊक नाही होय?" काका घाबरून जागा बदलायचे. काकू वारल्या तेव्हा मी भेटायला गेले. काकाच म्हणाले, "किल्ली अजून लपवतो. कोणापासून ते माहीत नाही."

काकूंनंतर दीड वर्षाने त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि ते माझ्याकडे व्यायामाला यायला लागले. हात वर न्यायला सांगितलं की निमूट न्यायचे, दुखलं तरी हूं की चूं नाही. एक दिवस मात्र त्यांचा चेहरा पांढराफटक होता. आदल्या शनिवारी त्यांची गोळी एका हरणाला नीट लागली नव्हती. थ्री-ओ-एटच्या धक्क्याची खांद्याने धास्ती घेतली होती, चाप ओढण्याआधीच तो आपोआप आक्रसला. जखमी हरीण पळालं. काका चार तास पावसात त्याच्या रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिले, तेव्हा कुठे सापडलं. "त्याला कळलं हो," एवढंच म्हणाले आणि रडले. सत्तरीचा माणूस, माझ्या क्लिनिकच्या निळ्या पलंगावर बसून. मग डोळे पुसून विचारलं, "टू-फोर-थ्रीचा धक्का हा खांदा सोसेल का? खरं सांगा. सोसणार नसेल तर मी सोडून देतो."

मी वाकवून, ताणून, तपासून सांगितलं, सोसेल.

सोडून दिलं असतं तर त्यांचं काय उरलं असतं, हे मला तेव्हाच दिसत होतं. मुलगी नॉटिंगहॅमला, तिची नोकरी, तिची शाळकरी मुलं. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी पहाटे, काका त्या शेतावर जायचे. झाडाला टेकवलेल्या शिडीवर, ज्याला ते मचाण म्हणायचे, दोन-तीन तास बसायचे. बहुतेक वेळा काहीच न मारता उतरायचे. मग शेतकरी त्यांना स्वयंपाकघरात चहा द्यायचा आणि दोघं अर्धा तास हवेवर आणि कोवळ्या झाडांवर बोलायचे. आठवड्याभरात काका ज्याच्याशी समोरासमोर बसून बोलत, असा तो एकच माणूस होता. हे त्यांनी कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. "शनिवारी घसा मोकळा होतो," असं हसत म्हणाले होते.

लायसन्स पाच वर्षांनी नवं करावं लागतं, त्याच वेळी काकांनी रायफल बदलायचीही परवानगी मागितली. त्यासाठी ओळखीच्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. एक शेतकऱ्याचं दिलं, एक माझं. मला इतकी धन्यता वाटली म्हणून सांगू!

एक दिवस दोन पेशंटच्या मध्ये पोलिसांकडून फोन आला. बाई गोड बोलत होत्या. काका चिडके आहेत का, पितात का, कोणाशी भांडण आहे का. मी सगळ्याला ठणकावून नाही म्हटलं. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? आता आपल्या माणसांची खोड बघा. कोणाचं काम व्हावं असं मनापासून वाटलं की आपण समोरच्याला त्याची कीव येईल असं बोलतो. शाळेतली ॲडमिशन असो, सरकारी ऑफिस असो, "बिचारे एकटे आहेत हो, बघा ना काहीतरी" म्हटल्याशिवाय आपल्याला शिफारस केल्यासारखं वाटतच नाही. मीही सुरू झाले, अस्खलित इंग्लिशमध्ये. म्हटलं, बायको गेल्यापासून फार एकटे पडलेत. एकटे जेवतात, कधी कधी जेवतही नाहीत. ते शेत हाच त्यांचा आधार आहे, तेवढं त्यांच्याकडून काढून घेऊ नका. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, थँक यू, तुम्ही फार उपयोगी माहिती दिलीत. संध्याकाळी मी नवऱ्याला ऐटीत सांगितलं, "काकांचं काम केलं बरं का आज."

दहा दिवसांनी दोन अधिकारी काकांच्या घरी आले आणि चौकशी होईपर्यंत रायफल घेऊन गेले. त्यांचं तरी काय चुकलं? बायको गेलेला, नीट न जेवणारा, एकटा माणूस आणि घरात रायफल, म्हटल्यावर कोणीही हेच केलं असतं. काकांचा फोन आला. "काय करून राहिले हे लोक, कळत नाही," म्हणत होते, "मला विचारतात, तुम्हाला जगावंसं वाटतं का." मी "हो का? अरे देवा!" म्हणाले आणि खरं न सांगताच फोन ठेवला.

चौकशी हिवाळाभर चालली. डॉक्टरांची पत्रं, भेटी, पुन्हा पत्रं. तिकडे हरणं काही थांबणार नव्हती. शेतकऱ्याने फेब्रुवारीपर्यंत वाट पाहिली आणि मग दुसऱ्या एका शिकाऱ्याला शेत दिलं. फार ओशाळून सांगायला आला होता म्हणे, घरी केलेला केक घेऊन. मार्चमध्ये काकांचा फोन आला. "फिजिओबाई, टू-फोर-थ्री मंजूर झाली!" मी आनंदाने ओरडलेच. ते म्हणाले, "आता शेत नाही." नवं शेत मिळवायला वर्षं जातात, आणि काका बहात्तर वर्षांचे होते.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये खोकी भरलेली होती. मुलीने त्यांना नॉटिंगहॅमला न्यायचं ठरवलं होतं. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. फोन, मी काय बोलले, का बोलले. "काका, माझ्यामुळे गेलं हो तुमचं शेत," म्हणताना मला रडू फुटलं.

काका खोक्याला चिकटपट्टी लावत होते, ती पूर्ण लावली. मग म्हणाले, "मला माहीत होतं. 'एकटे जेवतात' असं चौकशीला आलेल्या बाईने म्हटलं, तेव्हाच ओळखलं. शेतकरी असलं बोलणार नाही."

"मग बोलला का नाहीत? भांडायचं तरी!"

"खोटं काय बोललात तुम्ही? जेवतो एकटा." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "फक्त एक वाटलं. पोलिसांना सांगितलंत. दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं, तरी मला कधी जेवायला नाही बोलावलंत."

मी म्हणणार होते, बोलावलं की. दर भेटीला म्हणायचे, "या ना काका एकदा जेवायला." तेही दर वेळी "हो हो, नक्की" म्हणायचे. पण त्या बोलावण्याला कधी वार नव्हता. वार सांगितला असता तर ते आले असते, ही मला धास्ती होती. शिकारी माणूस आपल्या टेबलाशी, आपल्या ताटात! एवढा क्षुद्रपणा मी "एकदा या"च्या आड दोन वर्षं नीट झाकून ठेवला होता.

"येत्या रविवारी," मी म्हटलं. "एक वाजता. वरणभात, बटाट्याची भाजी."

त्या रविवारी सव्वाबाराला नवरा खिडकीतून म्हणाला, "अगं, काका बाहेर गाडीत बसलेत. मघाशी कचरा टाकायला गेलो तेव्हापासून आहेत." मी चपला अडकवून धावले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते. काच खाली करून म्हणाले, "तुम्ही एक म्हणाला होता ना. तुमची घाई नको व्हायला." दोनदा भात घेतला. नवऱ्याला कॅलिबर समजावून सांगितलं, आणि तोही पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकत होता. ताट स्वतः उचलून धुतलं. मी नको नको म्हणत राहिले.

पुढच्या शनिवारी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. गाडीत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी डोळे पुसत म्हणाले, "काका, येतेच बघा एकदा नॉटिंगहॅमला." काका माझ्याकडे बघून नुसतं हसले.

तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे. उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो. शरदात माझी नोकरी बदलली. डिसेंबरात, आता ख्रिसमसनंतर बघू, म्हटलं. जानेवारीत मंडळाच्या ग्रुपवर मुलीचा मेसेज आला की बाबा काल झोपेतच गेले, त्यांना काही कळलं नाही. मी तो उभ्यानेच वाचला, आणि माझा पुढचा पेशंट आत आला.